कॉफीचं फडकं

रेवदंड्यात माझे जे घरमालक होते, त्यांच्या हातची कॉफी फुकट मिळायची, पण ती पिणं सोपं नव्हतं. कप हातात दिला की ते समोर स्टूल ओढून बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. पहिला घोट घशाखाली उतरला की प्रश्न यायचा. "कशी झाली? खरं सांग." नुसतं छान म्हणून सुटका नसे. "छान म्हंजे काय? कडू हाय? आंबट हाय? कालच्यापरीस जास्त का कमी?" पोस्टमन, विजेचं मीटर बघायला येणारा, नारळ पाडायला येणारा, यातून कोणी वाचला नाही. मीटरवाला एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, मला चहाच आवडतो." त्याला उत्तर मिळालं, "आवडती का ते न्हाय विचारलं. कशी झाली ते विचारलं."

मी तेव्हा चौलच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच आले होते. सातारा सोडून समुद्राजवळ राहायची ही पहिलीच वेळ. सुपारीच्या वाडीतलं चाचांचं घर, वर दोन खोल्या रिकाम्या, त्या मी घेतल्या. गाव त्यांना चाचा म्हणायचं म्हणून मीही म्हणू लागले. ते मला बाय म्हणायचे. त्या बाजूला लेकीबाळींना तसंच म्हणतात. माझी पस्तिशी जवळ आली होती आणि शाळेत मुलं मला चळचळा कापत, त्यामुळे ही हाक ऐकून सुरुवातीला मला उगीचच लहान झाल्यासारखं वाटायचं. पुढे आवडायला लागलं.

उंच, काटकुळा माणूस. चौकड्याची लुंगी, पांढराशुभ्र बनियन आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. सव्वीस वर्षं दम्मामला काढलेली. तिथे समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्याच्या कचेरीत ते चहापाण्याचं बघायचे. त्या कचेरीत एक म्हातारा जपानी साहेब होता. तो आपली कॉफी आपणच करायचा, कापडातून, वरून थेंबाथेंबाने पाणी सोडत. चाचा सहा महिने नुसते बघत उभे राहिले. सातव्या महिन्यात साहेबाने किटली त्यांच्या हातात दिली आणि स्वतः खुर्चीत बसला.

"तुम्हाला त्याची भाषा यायची?"

"न्हाय. त्याला माझी न्हाय, मला त्याची न्हाय."

"मग शिकलात कसे?"

"त्याचं तोंड बघून."

हे ते इतक्या सहज म्हणाले की मी त्याचा पुढे विचारच केला नाही.

मलाही कॉफीचं वेड होतं, पण ते पिण्याचं. करायचं वेड लागलं ते एकटीचा संसार मांडल्यावर. मोबाईलवर बघून बघून मी नऊ वस्तूंची यादी केली. लांब वाकड्या चोचीची किटली, ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा, पाण्यात बुडवायचा तापमापक, चिनी मातीचं गाळणं, त्याचे खास कागद, काचेचं भांडं, गिरणी, लाकडी स्टँड आणि कॉफी ढवळायची एक बारीकशी बांबूची काडी. ही काडी कशाला लागते ते मला आजही माहीत नाही. वाडीपर्यंत पार्सल येतं का हे विचारायला मी खाली गेले आणि चाचांनी मोबाईल हातात घेऊन सगळी यादी बघितली, एकेक वस्तू बोटाने वर सरकवत.

"हे समदं एका कपाला?"

"हो."

"आन चूक झाली तर? नऊ वस्तू. कुठल्या वस्तूत चूक लपली हाय ते कसं शोधशील?"

मी विज्ञानाची शिक्षिका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हे मी दरवर्षी आठवीच्या मुलांना घसा फोडून सांगते. लुंगीतला माणूस मला माझाच धडा वाचून दाखवत होता आणि मला राग आला. पण यादी पुसली.

"सामान कमी तर चूक सापडती," ते म्हणाले. "एक वस्तू घे. हाताला चाळीस दिस सवय होऊ दे. मंग दुसरी."

पहिली वस्तू म्हणून त्यांनी मला रेवदंड्याच्या बाजारातून चहावाल्यांची ॲल्युमिनियमची छोटी किटली आणायला लावली, दुकानादुकानात चहा पोचवतात तसली. कॉफीवाल्यांच्या दुनियेत तिला कोणी दारात उभं करणार नाही. तिच्यातून बारीक धार कशी काढायची हे शिकवायला त्यांनी मला वाडीत नेलं आणि पिशव्यांतल्या सुपारीच्या रोपांना पाणी घालायला सांगितलं. माती उडता कामा नये, खळगा पडता कामा नये, पाणी मधोमध मुरलं पाहिजे. चाळीस दिवस मी शाळेत जाण्याआधी सुपारीला पाणी घातलं. शेजारच्या भाभी कुंपणावरून बघायच्या. "भाडं बी घेतो आन काम बी करून घेतो," असं म्हणून हसायच्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण एकेचाळिसाव्या दिवशी माझी धार दोऱ्यासारखी सरळ पडली आणि मला इतका आनंद झाला की मी कोणालातरी फोन करून सांगितलं.

त्यांचं स्वतःचं सामान मोजून सहा वस्तूंचं. अशीच एक किटली. हाताने फिरवायची गिरणी, ती तेवढी दम्मामची. दुधाच्या पावडरीच्या डब्यात येतो तो प्लॅस्टिकचा चमचा, शिगोशीग भरून सुरीच्या पाठीने सपाट करायचा. तारेचं एक कडं, आणि त्याला शिवलेलं जाड सुती फडकं, खाली निमुळतं होत गेलेलं. खाली काचेची बरणी, तिच्या पोटाला बांधलेला लाल दोरा. कॉफी दोऱ्याला टेकली की हात थांबायचा. वेळ मोजायला घड्याळ नाही. पहिलं पाणी सोडलं की ते तीनदा कुराणातलं कुल हुवल्ला म्हणायचे, तेवढ्यात कॉफीचा चुरा फुगून यायचा, मग पुढचं पाणी.

"तू तुझं शुभंकरोती म्हन," मला म्हणाले.

"ते संध्याकाळचं असतं, चाचा."

"मंग सकाळचं काय असतं?"

शेवटी मी सतराचा पाढा धरला. तो बरोबर तेवढाच भरतो. अजूनही मी कॉफी सतराच्या पाढ्यावर करते.

या सगळ्यांत फडक्याचा मान मोठा. ते कधी वाळू द्यायचं नाही. वापरून झालं की नुसत्या पाण्याने धुवायचं आणि पाण्याच्या वाडग्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं, पाणी रोज बदलायचं. कॉफी तयार झाली की चाचा जिन्याच्या लोखंडी कठड्यावर चमच्याने तीन टकटक करायचे. मी खाली उतरायची, कप घ्यायची आणि मग उलटतपासणी सुरू. मला वाटायचं, म्हातारा एकटा आहे, बोलायला माणूस हवं, म्हणून हा सगळा खटाटोप. भाभी एकदा म्हणाल्या, "आधी न्हवता असा. अंदाजानं टाकायचा, हसत करायचा. चाची गेल्यापासून काय झालंय कोन जाने." मी मान हलवली. बायको गेल्यावर माणसं विचित्र होतात, एवढ्यावर मी ते सोडून दिलं. मी निरीक्षण शिकवते, हे इथे पुन्हा सांगायला हरकत नाही.

एकदा ते तीन दिवसांसाठी पनवेलला मुलाकडे गेले, नातीचं काहीतरी होतं. फडक्याचं पाणी बदलायची जबाबदारी माझ्यावर. पहिल्या दिवशी वाडगा उघडला तर फडकं काळपट, हाताला किंचित बुळबुळीत. आमच्या आईच्या राज्यात असं फडकं फरशी पुसायलाही घेतलं नसतं. मी बादली भरली, कपड्यांच्या साबणाची पावडर टाकली, चांगलं खसाखसा चोळलं आणि उन्हात वाळत घातलं. पांढरं होत आलं. परत पाण्यात बुडवून ठेवलं आणि स्वतःवर खूश झाले.

ते आले, दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक झाली. मी खाली गेले आणि पहिला घोट घेतला. कॉफीत साबण होता. नुसता साबण नाही, वर जाहिरातीत सांगतात तो मोगऱ्याचा सुगंध. तो घोट मी कसा गिळला ते माझं मला माहीत. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी वर बघितलं, तर चाचांचा कप अर्धा संपला होता. ओठ पुसत ते म्हणाले, "व्वा. घरची ती घरची." आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून, नेहमीसारखं, "कशी झाली? खरं सांग."

मी म्हटलं, "छान झालीय."

"छान म्हंजे काय?"

"रोजच्यासारखी. अगदी रोजच्यासारखी."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. मी तो कप पूर्ण प्यायले. त्या दिवशी शाळेत मी काय शिकवलं ते आठवत नाही. सगळा वेळ मागच्या महिन्यातला उंदीर आठवत होता. चाचांच्या कपाटामागे उंदीर मेला होता, वर माझ्या खोलीतसुद्धा नाक धरून बसायची पाळी आली होती आणि हा माणूस त्याच कपाटाला टेकून शांतपणे किटली घासत होता. मी तेव्हा म्हटलं होतं, काय सहनशील माणूस आहे.

त्यांना वास येत नव्हता. वास गेला की चवही जवळजवळ गेलीच, हे पाठ्यपुस्तकात आहे. म्हणून चमचा सपाट, म्हणून लाल दोरा, म्हणून वस्तू सहाच्या सहा आणि त्याच. हातातून झालेली चूक जीभ पकडणार नाही, म्हणून हाताला चूक करायला जागाच ठेवायची नाही. आणि तरीही झाली तर सांगायला पोस्टमन, मीटरवाला आणि मी. मला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला, कारण ज्या एका बाबतीत तो माणूस दुसऱ्याच्या जिभेवर अवलंबून होता, तिथेच मी खोटं बोलले होते. दया म्हणून बोलले, पण खोटंच.

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर कड्याला नवंकोरं फडकं शिवलेलं होतं. मी सुटकेचा श्वास सोडला. जुनं झालं असेल म्हणून बदललं असेल, असं समजून गप्प बसले.

महिनाभराने, एका रविवारी सकाळी, टकटक व्हायच्या वेळेला झाली नाही म्हणून मी जिना उतरू लागले आणि चौथ्या पायरीवर थांबले. गॅसचा वास. साधा नाही, डोकं गरगरावं इतका. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं, समुद्रावरचा वारा आत येत होता, शेगडीवर किटली आणि खाली ज्योत नाही. वाऱ्याने विझली होती, चावी तशीच उघडी. आणि चाचा शेगडीसमोर उभे, हातात काडेपेटी. एक काडी त्यांनी ओढली होती. दमट हवेने सादळलेली ती काडी पेटली नव्हती. आता ते दुसरी काढत होते.

"चाचा, थांबा!"

मी एवढ्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातून काडेपेटी पडली. मी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून मागच्या पायरीवर आणून बसवलं. त्यांना आधी काही कळेना. मग कळलं. माझ्या तोंडाकडे बघून कळलं.

तिथे पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. ज्या वर्षी गावोगाव तो ताप आला, त्या वर्षी दोघं एकदमच आजारी पडले. "त्याच तापात ती गेली आन माझं नाक गेलं. डाक्टर बोलला, येईल हळूहळू. न्हाय आलं." मग म्हणाले, "तिची वढनी कपाटात हाय. तिच्यात वास हाय का गेला, ते मला कळत न्हाय. कोनाला विचारनार?"

मग ते माझ्याकडे वळले.

"मुलाला सांगू नको, बाय. तो न्हेईल मला. पनवेलला सातव्या मजल्यावर. खिडकीतून बगितलं तर दुसऱ्याची खिडकी. इथं मी डोळे मिटून फिरतो, समदं हाताखाली हाय. तिथं मी नुसता बसून ऱ्हाईन."

"नाही सांगत," मी म्हटलं.

शब्द देऊन बसले आणि झोप गमावून बसले. सकाळी शाळेला निघण्याआधी खाली जाऊन शेगडी मी पेटवायची, मीच बंद करायची, सिलिंडरची चावी फिरवून जायची. तरी वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवताना मनात सिलिंडर. दुपारी त्यांना चहाची हुक्की आली तर? मधल्या सुट्टीत भाभींना फोन करून काहीतरी खोटी चौकशी करायची. आता चाचांपाठोपाठ मी भाभींशीही खोटं बोलत होते, आणि एक दिवस शाळेतून परतताना वाडी जागेवर असेल का, हा विचार रोज करत होते.

मुलगा आला तो पुढच्या महिन्यात, असाच रविवारी. तळोज्याला एका कारखान्यात सुपरवायझर होता, बापावर जीव असलेला, सरळ माणूस. येताना कॉफीचं मशीन घेऊन आला. एक बटण दाबलं की झालं, असलं. चाचांनी खोक्याकडे बघितलं आणि किटलीत पाणी ओतलं. गॅस मी पेटवला. मुलाच्या ते नजरेत आलं. मला कप मिळाला, त्याला मिळाला, चाचा फडक्यावर आपल्यासाठी तिसरी खेप ओतत होते.

"मॅडम, एक विचारू?" मुलगा म्हणाला. "भाभी सांगत होत्या, मागे इथे उंदीर मरून पडला होता आणि अब्बांना पत्ताच नव्हता. मी फोनवर विचारलं तर म्हणतात, मी ठणठणीत. तुम्ही वर राहता. तुम्हीच सांगा. त्यांना वास येतो का?"

चाचांनी वर बघितलं नाही. धार हलली नाही, दोऱ्यासारखी पडत राहिली. माझ्या हातात त्यांच्या कॉफीचा कप होता, आणि त्या घरात तो कप हातात असताना खोटं बोलायची मनाई होती. मी ती एकदा मोडली होती.

"नाही येत," मी म्हणाले. आणि काडेपेटीचंही सांगितलं.

मुलाचा चेहरा पांढरा पडला. हातातला कप खाली ठेवत तो म्हणाला, "अब्बा, बॅग भरा. आजच."

मला वाटलं, चाचा भांडतील, निदान माझ्याकडे रागाने बघतील. त्यांनी फडकं कड्यासकट उचललं, नळाखाली धरलं, हलक्या हाताने पिळलं, वाडग्यात पाणी घेऊन त्यात ठेवलं. हात पुसले. "चल," म्हणाले.

ते एक "चल" माझ्या जिव्हारी लागलं. मी दार अडवून उभी राहिले, खरोखर अडवून. शाळेतल्या आवाजात बोलले असणार, कारण मुलगा दोन पावलं मागे सरला. "तुमचे अब्बा मला म्हणाले होते, सामान कमी तर चूक सापडते. या स्वयंपाकघरात सहा-सात वस्तू आहेत. चूक कुठल्या वस्तूत आहे ते सापडलंय ना? गॅसमध्ये आहे. मग गॅस जाऊ दे. माणूस कशाला घालवताय? विजेची किटली आणा, विजेची शेगडी आणा. चाळीस दिवस बघा. नाही जमलं तर मी स्वतः त्यांना पनवेलला पोचवते."

मुलाने बापाकडे बघितलं. "जमेल, अब्बा?"

"नवी किटली," चाचा म्हणाले. खोलीत कोणालाच उद्देशून नाही. "धार पयल्यापासून शिकावी लागंल." जरा थांबून म्हणाले, "ते मशीन परत न्हे. एका येळी एक वस्तू."

दुपारपर्यंत अलिबागहून किटली आणि शेगडी आली. सिलिंडर भाभींकडे गेला. मुलगा मशीन घेऊन संध्याकाळी निघाला तेव्हा माझ्याशी नीट बोलला, पण चाचा माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कठड्यावर टकटक झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खालून नव्या किटलीची उकळी ऐकू यायची, रोपांना पाणी घातल्याचा आवाज यायचा, पाऊल वाजायचं. मी माझी कॉफी करून माझ्या खिडकीत बसायची आणि ती कशी झाली हे विचारायला कोणी नसायचं. शब्द मोडला होता, शिक्षा रास्त होती. तरी एवढं एकटं मला त्या गावात आल्या दिवशीही वाटलं नव्हतं. खोली बदलावी का, असाही विचार करून झाला.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी तीन टकटक.

मी अर्धी वेणी तशीच सोडून खाली गेले. स्टूल, गुडघ्यांवर हात, तीच नजर. कप हातात. मी घोट घेतला.

"कशी झाली? खरं सांग."

"वाईट झालीय, चाचा."

"वाईट म्हंजे काय?"

"पातळ आहे. आणि शेवटी कडवट लागते. पाणी भसकन पडतंय, नव्या किटलीचं तोंड मोठं आहे. मधोमध खळगा पडत असणार."

त्यांनी फडक्यात वाकून बघितलं. चुऱ्याच्या मध्यभागी चांगला बोटभर खळगा होता. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी बघितलं नव्हतं तसं हसू आलं, आणि मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. "तुम्ही पनवेलला गेला होतात ना, तेव्हा मी फडकं साबणाने धुतलं होतं. त्या दिवशीच्या कॉफीत साबण होता. मी छान म्हणाले. खोटं बोलले."

"ठाऊक हाय."

"कसं? तुम्हाला तर..."

"सायबाचं तोंड बगून धंदा शिकलो मी. तुझं न्हाय वाचता येनार?" ते म्हणाले. "तू घोट गिळलास तवाच समजलं, कायतरी झालंय. काय ते नंतर फडकं चोळल्यावर समजलं. फेस आला." मग त्यांचा आवाज उतरला. "नाक गेलं तवा मला येवढं वाटलं न्हवतं, बाय. पर त्या दिशी तू छान बोललीस, तवा वाटलं, आता मी खराच आंधळा झालो. जी एक जीभ होती, ती बी गेली."

मी मान खाली घातली.

"मुलाला सांगितलंस त्याचा राग आला. आठ दिस आला. पर काल रात्री मनात आलं, माझ्यासमोर बोललीस. माझा कप हातात धरून बोललीस." त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, उरलेली कॉफी नळाखाली ओतून टाकली. "ती जीभ परत आली म्हनायची. थांब, दुसरी करतो."

चाळिसातले उरलेले दिवस मी रोज सकाळी वाईट कॉफी प्यायले. पातळ, कडू, राखेसारखी, कधी गरम पाण्यासारखी, आणि दरवेळी जे वाटलं ते तोंडावर सांगितलं. चाचांनी किटलीच्या चोचीत बांबूची एक निमुळती पन्हळ बसवली, धार आवरली, चमचा तोच ठेवला, दोरा तोच ठेवला. एकोणचाळिसाव्या दिवशी मी म्हणाले, "बरोबर. तंतोतंत." ते उठले, फाटकापर्यंत जाऊन आले आणि पुन्हा बसले. चाळिसाव्या दिवशी मुलगा आला, कॉफी प्यायला आणि एकटाच परत गेला.

पुढे दीड वर्षाने माझी बदली झाली. निघताना त्यांनी मला एक फडकं शिवून दिलं, तारेच्या कड्यासकट. चाचा त्यानंतर दोन वर्षं त्याच घरात राहिले आणि गेले तेही तिथूनच, दुपारी मागच्या पायरीवर बसले असताना. मुलाचा फोन आला, त्याने एवढं सांगितलं.

मग तो म्हणाला, "मॅडम, फ्रिजमध्ये वाडग्यात एक फडकं आहे. पाण्यात. अब्बांचं. मी पनवेलला नेतोय. काय करायचं असतं त्याचं?"

"पाणी रोज बदला," मी म्हणाले. "आणि काही झालं तरी साबण लावू नका."